जळगावचे खासदार आणि हिंदू कायद्याची चार पाने : हरी विनायक पाटसकर

१/
नशिराबाद असो वा चाळीसगाव, खानदेशात घरचा कर्ता पुरुष वारला की काही दिवसांत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो. फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर मुलांच्या नावांसोबत मुलींचीही नावे लागतात. ही गोष्ट आज इतकी सरावाची झाली आहे की ती कायद्यात कधी आली, कोणी आणली, हा प्रश्न कुणाला पडत नाही. १९५६ पूर्वी मात्र मुलगा हयात असताना वडिलांच्या जमिनीवर मुलीला वारसाहक्कच नव्हता.

२/
तो हक्क देणारे विधेयक लोकसभेत मांडणारे आणि कलमागून कलम लढवून ते पार नेणारे मंत्री जळगावचे खासदार होते : हरी विनायक पाटसकर. हिंदू कायद्याच्या सुधारणेचा विषय निघाला की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव प्रथम येते आणि ते सर्वथा योग्य आहे. मागोमाग पंडित नेहरूंचे येते. पाटसकरांचे नाव बहुधा तळटीपेत राहते. ज्या चार कायद्यांनी कोट्यवधी घरांचे व्यवहार बदलले, ते संसदेतून नेणाऱ्या या सावध माणसाची ही कहाणी.

३/
पाटसकरांचा जन्म १५ मे १८९२ रोजी पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथे झाला. शिक्षण पुण्यात. पुढे वकिलीची सनद घेऊन त्यांनी पूर्व खानदेशातील चाळीसगाव ही आपली कर्मभूमी केली. तालुक्याच्या कोर्टात उभा राहणारा वकील त्या काळी गावगाड्याचा आरसाच असे. वाटणीचे दावे, दत्तकाचे वाद, विधवेच्या पोटगीची फिर्याद, सावकाराची जप्ती : हिंदू कायदा पुस्तकात कसा दिसतो आणि माणसांच्या आयुष्यात कसा उतरतो, यातले अंतर अशा वकिलाला रोज दिसे.

४/
१९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव, पश्चिम खानदेशाचे धुळे. त्याआधीच्या जुन्या खानदेशात नशिराबाद हे एका तालुक्याचे नाव होते. कापसाच्या बाजारपेठा, रेल्वे आणि काळी जमीन यांमुळे या भागात जमिनीला मोल आले होते, आणि जिथे जमिनीला मोल तिथे वाटणीचा दावा आलाच. १९३६ साली फैजपूरला भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन. राजकारण आणि शेती यांची सांगड इथे अशी फार पूर्वीच बसली होती.

५/
पाटसकर काँग्रेसच्या राजकारणात आले, मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात बसले, पुढे घटना समितीचे सदस्य झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जळगावमधून लोकसभेवर निवडून गेले. साठीला टेकलेल्या या वकिलाची ख्याती वक्तृत्वासाठी नव्हती. कायद्याचा मसुदा वाचणे, त्यातला प्रत्येक शब्द तोलणे आणि सभागृहात शांतपणे खुलासा करणे, हे त्यांचे बळ. नेमका हाच गुण १९५५ साली कामी आला.

६/
त्याआधीची पार्श्वभूमी समजून घेतल्याखेरीज पाटसकरांच्या कामाचे वजन कळत नाही. हिंदू कायद्याची एकत्रित संहिता करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९४१ मध्ये सर बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९४४ मध्ये ती पुन्हा कामाला लागली. देशभर साक्षी झाल्या. समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री डॉ. आंबेडकरांच्या प्रवर समितीने तो मुलाइतकाच केला. आणखी एक पाऊल पुढे जाऊन वडिलोपार्जित मालमत्तेतील केवळ पुरुषांना मिळणारा जन्मसिद्ध हक्कच रद्द करण्याचे योजले.

७/
तेथेच विरोध पेटला. संसदेबाहेर स्वामी करपात्री यांच्या रामराज्य परिषदेने मोर्चे काढले. संसदेत काँग्रेसच्याच बाकांवरून अडथळे आले. हंगामी संसद थेट जनतेने निवडलेली नाही, तिने एवढा मोठा बदल करू नये, असे राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांचे मत होते आणि ते त्यांनी नेहरूंना लेखी कळवले. सप्टेंबर १९५१ मध्ये अवघी चार कलमे संमत होऊन विधेयक थांबले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

८/
या लढ्याचा अर्थ दिल्लीबाहेर काय होता? जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना तरुण वयात वैधव्य आले. पदरी लहान मुले आणि हाती शेतीचे कष्ट. ३ डिसेंबर १९५१ रोजी, म्हणजे आंबेडकरांच्या राजीनाम्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, त्या निवर्तल्या. त्यांच्या पिढीतल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मिळे ती फक्त हयातीपुरती, मर्यादित मालकी. १९३७ चा डॉ. गो. वि. देशमुख यांचा कायदाही तिला पूर्ण मालक करत नव्हता. कायदेशीर गरज सिद्ध झाल्याशिवाय तिला जमीन विकता येत नसे. विकलीच तर तिच्या पश्चात वारसदार कोर्टात जाऊन व्यवहार मोडू शकत.

९/
१९५२ च्या निवडणुकीत नेहरूंनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांच्याविरुद्ध प्रभुदत्त ब्रह्मचारी हे संन्यासी हिंदू कोड बिलाच्या मुद्द्यावरच उभे होते आणि हरले. आता संसद थेट निवडून आलेली होती. राष्ट्रपतींच्या मुख्य आक्षेपाचा आधार गेला. तरीही सरकारने डावपेच बदलला. एकच मोठे विधेयक आणण्याऐवजी त्याचे तुकडे केले : विवाह, वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, दत्तक व पोटगी. एकेक तुकडा स्वतंत्रपणे पुढे न्यायचा, असे ठरले.

१०/
विवाह विधेयक डिसेंबर १९५२ मध्ये कायदामंत्री चारुचंद्र विश्वास यांनी राज्यसभेत मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले आणि राज्यसभेची मान्यता घेऊन लोकसभेत येईपर्यंत दोन वर्षे उलटली. तोवर पाटसकर कायदा खात्यात मंत्री झाले होते. लोकसभेतली बाजू सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आले. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. एकपत्नीत्व बंधनकारक झाले आणि घटस्फोटाची वाट देशभरातील सर्व हिंदूंना खुली झाली.

११/
सभागृहातले पुराणमतवादी कोण होते, हेही पाहिले पाहिजे. हिंदू महासभेचे निर्मलचंद्र चटर्जी हे नामांकित वकील होते. त्याच पक्षाचे वि. घ. देशपांडे मराठी असून मध्य भारतातील गुणा येथून निवडून आले होते. मध्य प्रांताचे एकेकाळचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे हेही ग्वाल्हेरहून लोकसभेत होते. काँग्रेसमध्येही पुरुषोत्तमदास टंडन यांना घटस्फोट मान्य नव्हता आणि पंजाबचे ठाकुरदास भार्गव मुलींच्या वारसाहक्काला विरोध करत. ही मंडळी अडाणी नव्हती. त्यांचे युक्तिवाद अभ्यासपूर्ण होते आणि त्यांना उत्तर देणे भाग होते.

१२/
विरोधकांचा पहिला आक्षेप : विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे. घटस्फोट हिंदू परंपरेला परका आहे. यावर सुधारणावाद्यांकडे ठोस उत्तर होते. 'हिंदू परंपरा' म्हणजे कुणाची परंपरा? महाराष्ट्रातील आणि खानदेशातील अनेक शेतकरी व कारागीर जातींमध्ये काडीमोड, फारकत, पाट, म्होतूर हे शब्द रोजच्या बोलण्यातले होते. जातपंचायतीसमोर लग्न मोडत असे आणि विधवेचा दुसरा संसारही उभा राहत असे. घटस्फोट नव्हता तो प्रामुख्याने वरच्या जातींत. कायद्याने रूढीने चालत आलेला घटस्फोट रद्द केला नाही. तो हक्क कलम २९ मध्ये जपला.

१३/
दुसरी गोष्ट मुंबई राज्यापुरती अधिक महत्त्वाची. द्विभार्याप्रतिबंधक कायदा इथे १९४६ मध्ये आणि हिंदू घटस्फोट कायदा १९४७ मध्येच झाला होता. द्विभार्याबंदीला न्यायालयात आव्हान मिळाले तेव्हा १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे छागला आणि गजेंद्रगडकर यांनी 'नरसू आप्पा माळी' खटल्यात तो कायदा वैध ठरवला. म्हणजे जळगावच्या खासदाराने दिल्लीत जे मांडले, ते जळगावात आधीच लागू होते. आकाश कोसळले नव्हते. सावध माणसाला असा पूर्वानुभव फार उपयोगी पडतो.

१४/
दुसरा आक्षेप : कायदा फक्त हिंदूंसाठीच का? सर्व नागरिकांसाठी समान कायदा आणा. हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो केवळ महासभेनेच विचारला असेही नाही. आचार्य कृपलानींनीही सरकारला यावरून जातीयवादी म्हटले होते. सरकारची भूमिका अशी की बहुसंख्य समाजापासून सुरुवात करावी. शिवाय १९५४ चा विशेष विवाह कायदा कोणत्याही धर्माच्या नागरिकाला खुला होताच. हे उत्तर सर्वांचे समाधान करणारे नव्हते. तो वाद तसाच पुढच्या पिढ्यांकडे आला.

१५/
खरी कसोटी वारसा विधेयकाची होती. लग्नाच्या प्रश्नावर सनातनी चिडत, पण जमिनीच्या प्रश्नावर सनातनी नसलेलेही अस्वस्थ होत. मुलीला वाटा दिला तर शेताचे तुकडे होतील, जावई गावात येऊन बांधावर उभा राहील, भावाबहिणींत कोर्टकचेरी होईल, असा सूर निघाला. मुंबई राज्यात तर १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा होता, त्यामुळे या भीतीला आर्थिक भाषाही मिळाली. रेणू चक्रवर्ती, जयश्री रायजी यांच्यासारख्या महिला सदस्या दुसऱ्या बाजूने बोलत होत्या. चार मुलगे असले तरी शेताचे तुकडे होतातच. मग मुलीच्याच वाट्यावर तुकड्यांचे पाप कशाला, हा साधा प्रतिप्रश्न त्या भीतीला पुरेसा होता.

१६/
पाटसकरांनी या दोन टोकांमधून वाट काढली, आणि त्यांच्या कारकिर्दीचे मर्म याच वाटेत आहे. आंबेडकरांच्या मसुद्यातील सर्वांत धाडसी गोष्ट, म्हणजे पुरुषांचा जन्मसिद्ध हक्क रद्द करणे, ती १९५६ च्या कायद्यात नव्हती. मिताक्षर पद्धतीचे एकत्र कुटुंब आणि त्यातील पुरुष सहदायाद तसेच राहिले. मात्र कलम ६ ला एक पुस्ती जोडली गेली : मयत पुरुषाला मुलगी किंवा पत्नी यांसारखी जवळची स्त्री वारस असेल, तर त्याचा स्वतःचा हिस्सा वारसा कायद्याप्रमाणे वाटला जाईल, आणि त्यात मुलगी व मुलगा समान.

१७/
हे शब्दांत अवघड वाटते, एकरांत सोपे आहे. समजा, वडिलोपार्जित १२ एकर जमीन. आई आधीच वारलेली. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे कायदा मानतो. ती वाटणी वडील आणि दोन मुलगे यांच्यात : प्रत्येकी ४ एकर. मुलगी या वाटणीत नाही. आता वडिलांचे ४ एकर तिघा भावंडांत समान. म्हणजे मुलीला १ एकर १३ गुंठे, आणि प्रत्येक मुलाला ५ एकर १३ गुंठे (किरकोळ अपूर्णांक सोडून). समानता आली ती बापाच्या हिश्श्यापुरती. मूळ शेतात नाही.

१८/
१७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला. त्यात आणखी तीन पळवाटा होत्या. कलम २३ : वडिलांच्या राहत्या घरात मुलगे राहत असतील तर ते स्वतः वाटणी करेपर्यंत मुलीला वाटणी मागता येणार नाही. कलम ४(२) : शेतजमिनीसंबंधीचे विशिष्ट कायदे बाधित होणार नाहीत. कलम ३० : सहदायाद आपला हिस्सा मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकेल. ज्या बापाला मुलीला काही द्यायचे नव्हते, त्याला कायद्यानेच लेखणी दिली.

१९/
तरीही याच कायद्यात एक कलम असे आहे की त्याला क्रांतिकारक म्हणावे लागते. कलम १४. स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता, मग ती कायद्याआधी मिळालेली असो वा नंतर, तिच्या पूर्ण मालकीची ठरली. मर्यादित मालकीची शतकानुशतकांची पद्धत एका वाक्याने संपली. जी विधवा काल जमिनीची नुसती राखणदार होती, ती आज मालकीण झाली. विकू शकणारी, गहाण ठेवू शकणारी, मुलीला देऊ शकणारी मालकीण.

२०/
उरलेले दोन कायदे त्याच वर्षी आले. २५ ऑगस्ट १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आणि २१ डिसेंबर १९५६ चा दत्तक व पोटगी कायदा. दत्तक फक्त मुलगाच, ही अट गेली, मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. विधवेला स्वतःसाठी दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. एक योगायोग मनाला चटका लावणारा आहे. ज्यांनी ही संहिता उभी केली ते आंबेडकर राज्यसभेचे सदस्य म्हणून पहिले तीन कायदे होताना पाहू शकले. चौथा अमलात आला तेव्हा त्यांच्या महापरिनिर्वाणाला पंधरा दिवस झाले होते.

२१/
हे सर्व चालू असताना महाराष्ट्र पेटलेला होता. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. गोळीबारात माणसे मेली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मंत्रिपद सोडले. पाटसकर मंत्रिमंडळात राहिले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत काँग्रेसला खानदेशातही फटका बसला. पूर्व खानदेशातून अपक्ष नौशेर भरुचा लोकसभेवर गेले. धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील निवडून आले. त्या लोकसभेत जनसंघाचे अवघे चार खासदार होते, त्यांतले एक वाजपेयी आणि एक हे धुळ्याचे उत्तमराव.

२२/
जून १९५७ मध्ये पाटसकर मध्य प्रदेशाचे राज्यपाल झाले आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले. १९६३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण याच काळात त्यांच्याकडे एक वेगळे काम आले, आणि त्यामुळे त्यांचे नाव मराठी माणसाच्या राजकारणात कायमचे गुंफले गेले. आंध्र आणि मद्रास या राज्यांत सीमेचा तंटा होता. तिरुत्तणी व परिसर मद्रासला मिळावा म्हणून म. पो. शिवज्ञानम यांच्यासारखे तमिळ नेते झगडत होते. दोन्ही सरकारांनी मध्यस्थ म्हणून पाटसकरांना मान्य केले.

२३/
पाटसकरांनी तंटा सोडवला तो तालुका मोजून नव्हे, गाव मोजून. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत : ही त्यांची सूत्रे. त्यांनुसार तिरुत्तणीचा भाग मद्रासला गेला, काही गावे आंध्रला गेली. १९५९ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून नवी सीमा अमलात आली. दोन्ही बाजूंना हवे ते सर्व मिळाले नाही, पण दोन्ही बाजूंनी निवाडा पाळला.

२४/
बेळगाव, कारवार, निपाणीच्या प्रश्नावर महाराष्ट्र ज्याचा आधार घेतो ते 'पाटसकर सूत्र' हेच. खेडे घटक मानावे, सलगता पाहावी, भाषिक बहुसंख्या पाहावी आणि त्यासोबत लोकेच्छा, ही महाराष्ट्राची मागणी. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस झाली आणि महाराष्ट्राने ती अमान्य केली. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. खानदेशात वकिली केलेल्या माणसाने तमिळ-तेलुगू सीमेवर लावलेली फूटपट्टी मराठी-कन्नड सीमेवर मात्र अजून लागू झालेली नाही.

२५/
त्यांचे तिसरे मोठे काम आसामच्या डोंगराळ जिल्ह्यांचे. १९६० मध्ये असमियाला राज्यभाषा करण्याच्या निर्णयानंतर खासी, गारो आणि इतर डोंगरी समाजांच्या नेत्यांनी वेगळ्या राज्याची मागणी केली. १९६५ मध्ये पाटसकर आयोग नेमला गेला. १९६६ च्या अहवालाने सांगितले : आसामातच राहून जास्तीत जास्त स्वायत्तता द्यावी. डोंगरी नेत्यांनी ते फेटाळले. २ एप्रिल १९७० रोजी मेघालय हे आसामांतर्गत स्वायत्त राज्य झाले आणि २१ जानेवारी १९७२ रोजी पूर्ण राज्य. चौकट न मोडता तिच्यातच जागा करून देण्याची पाटसकरांची रीत येथे अपुरी पडली.

२६/
अखेरची वर्षे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. २१ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या वारसा कायद्याला चौदा वर्षे होत आली होती, आणि त्यात राहिलेली फट उघड दिसू लागली होती. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलगी अजूनही जन्माने सहदायाद नव्हती. शिवाय कायद्याने दिलेला हक्कही घराघरांत सोडून घेतला जात होता. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही आणि त्या बदल्यात माहेर तुटणार नाही हे न लिहिलेले आश्वासन, हा व्यवहार खानदेशाला नवा नाही.

२७/
ती फट भरायला तीन टप्पे लागले. आंध्र आणि तमिळनाडूनंतर महाराष्ट्राने २२ जून १९९४ रोजी मुलींना सहदायाद केले, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला. कलम २३ आणि ४(२) हेही गेले. ११ ऑगस्ट २०२० रोजी 'विनीता शर्मा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. वरच्या उदाहरणातील मुलीला आता १२ पैकी पूर्ण ४ एकर मिळतात.

२८/
मग पाटसकरांनी तडजोड केली, ती बरोबर की चूक? १९५६ मध्ये अडून बसले असते तर कदाचित १९५१ ची पुनरावृत्ती झाली असती, आणि कलम १४ ने मालकीण झालेल्या असंख्य विधवा राखणदारच राहिल्या असत्या. दुसरीकडे, त्या तडजोडीची किंमतही खरी आहे. १९५६ ते २००५ ही ४९ वर्षे. या काळात ज्या मुलींच्या वाट्याला ४ एकरांऐवजी १ एकर १३ गुंठे आले, किंवा तेही आले नाहीत, त्यांच्यासाठी 'हळूहळू' या शब्दाचा अर्थ 'आपल्या हयातीत नाही' असा होता.

२९/
इतिहासात आपल्याला घोषणा देणारे आठवतात आणि अडवणारे आठवतात. मसुदा हातात घेऊन, विरोधकाचा आक्षेप ऐकून, काय सोडायचे आणि काय कोणत्याही परिस्थितीत सोडायचे नाही हे ठरवणारे लोक सहसा आठवत नाहीत. पाटसकरांनी सहदायाद पद्धत सोडली, विधवेची पूर्ण मालकी आणि बापाच्या हिश्श्यातली मुलीची समानता सोडली नाही. त्यांचे मोजमाप करताना दोन्ही आकडे शेजारी ठेवावे लागतात : १९५६ ला काय मिळाले, आणि उरलेले मिळायला किती वर्षे लागली.

#खानदेश #इतिहास #संसद